उल्केची वेळ: वहीवाला आणि कॅमेरेवाला

उल्का म्हणजे वाळूच्या कणापासून वाटाण्यापर्यंत कोणत्याही आकाराचा एखादा खडा. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर अशा कुठल्यातरी वेगाने तो वातावरणात शिरतो, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर उजळतो आणि बहुधा सेकंदभरही टिकत नाही. ‘तारा तुटला’ असे म्हणेपर्यंत सगळे आटोपलेले असते. हौशी निरीक्षकाला त्यातून दोनच गोष्टी राखून ठेवता येतात: उल्का केव्हा दिसली आणि कुठून कुठे गेली. पहिली घड्याळ सांगते, दुसरी डोळा किंवा भिंग. यांपैकी आधी कशाची सोय लावायची, यावर उल्का पाहणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाला वहीवाला म्हणता येईल, दुसऱ्याला कॅमेरेवाला. वहीवाला आरामखुर्चीत आडवा होऊन नुसत्या डोळ्यांनी मोजतो आणि दर उल्केची वेळ व प्रत, म्हणजे तेजाची पायरी, लिहितो. कॅमेरेवाला ट्रायपॉड रोवून रात्रभर आकाश टिपतो; मोजणी तो सकाळी करतो.

मुंबईचे खगोल मंडळ वर्षानुवर्षे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन घेत आले आहे. तिथल्या अंधारात हा वाद एका वळणाने जातो, न्हावा शेव्यात दुसऱ्या. इथे २६ मे १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे आणि कंटेनर उतरवणाऱ्या क्रेनला रात्र माहीत नाही. उंच खांबांवरचे दिवे, पश्चिमेला मुंबईचा उजेड, उत्तरेला नवी मुंबईचा, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या अटल सेतूच्या दिव्यांची ओळ, आणि मिठागरांवर हिवाळ्यात साचणारे धुरके, हे सगळे मिळून आकाश दुधाळ करून टाकतात. जासई, सोनारी, करळ, धुतूम अशा एखाद्या गावाच्या गच्चीवर अमावास्येच्या रात्रीही चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसले तर नशीब समजावे. खुद्द बंदराच्या कुंपणाशी ट्रायपॉड लावण्याचा विचार करू नये. तो भाग सीआयएसएफच्या पहाऱ्यात आहे आणि रात्री दोन वाजता ‘उल्का बघतोय’ हे उत्तर कुणालाही पटण्यासारखे नाही. गच्चीच बरी, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीचा आडोसा आणखी बरा. क्रेनचा थेट दिवा तरी डोळ्यात आणि भिंगात येत नाही.

अशा गच्चीवर डिसेंबरच्या १३–१४ तारखेची रात्र धरावी. मिथुन राशीतल्या जेमिनिड वर्षावाची ही शिगेची रात्र. हा वर्षाव फेथन नावाच्या, १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाच्या कचऱ्यातून होतो. उल्का सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने, म्हणजे इतर वर्षावांच्या मानाने सावकाश येतात. कोकणात हौशी माणसाच्या वाट्याला खात्रीचा असा हाच एक वर्षाव. ऑगस्टमधला पर्सिड जगभर गाजतो, पण १२–१३ ऑगस्टला उरण तालुक्यात आकाश नसते, पाऊस असतो.

पहिला खटका कॅमेऱ्यावरून नव्हे, उठायच्या वेळेवरून उडतो.

“पुस्तकात दोनची वेळ दिलीय, म्हणून तू दोनला शिगेची वेळ धरून बसलास,” वहीवाला म्हणतो. “पण ते दोन कुठले? आपले की सूर्याचे?”

प्रश्न वाजवी आहे. वर्षावाचा उगमबिंदू, म्हणजे ज्या जागेतून उल्का फाकल्यासारख्या दिसतात ती जागा, आकाशात जितकी वर तितक्या उल्का जास्त. जेमिनिडचा उगमबिंदू पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ आहे आणि तो स्थानिक वेळेनुसार दोनच्या सुमारास सर्वांत वर येतो. भारतीय प्रमाणवेळ मात्र साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. न्हावा शेवा ७३ अंशांच्या जरासे अलीकडे. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे इथली खरी वेळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा सुमारे ३८ मिनिटे मागे असते. पलीकडच्या मुंबईने हा फरक बराच काळ जपला होता: प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले. तेव्हा जेमिनिडचा उगमबिंदू न्हावा शेव्यात संध्याकाळी पावणेआठच्या आसपास उगवतो आणि रात्री दोन पस्तीसच्या सुमारास माथ्यावर, क्षितिजापासून ७६ अंशांवर येतो. रात्री दहाला तो जेमतेम २८ अंशांवर असतो. या दोन वेळांत दिसणाऱ्या उल्कांची संख्या निव्वळ भूमितीने दुप्पट होते.

कॅमेरेवाल्याला हे मान्य आहे, पण त्यात त्याला वहीचे काही कौतुक वाटत नाही. “काका, माझा कॅमेरा आठला सुरू होतो नि पाचला थांबतो. दोन पस्तीस त्यात आलंच. वेळ चुकण्याची भीती तुम्हाला, कारण तुम्हाला झोप येते.”

यालाही उत्तर आहे, कारण सगळे वर्षाव जेमिनिडसारखे ऐसपैस नसतात. जानेवारीच्या ३–४ तारखेचा क्वाड्रान्टिड जेमतेम सहा तास जोर धरतो आणि त्याचा उगमबिंदू इथे रात्री दीडनंतर उगवतो. शिगेची वेळ दिवसा आली की ते वर्ष फुकट. मेच्या पहिल्या आठवड्यातला, हॅलेच्या धूमकेतूचा ईटा अ‍ॅक्वारिड सव्वादोनला उगवतो आणि पावणेपाचला फटफटायला लागते, म्हणजे हाती अडीच तास. सिंह राशीतल्या लिओनिड वर्षावाचा इतिहास तर चुकलेल्या वेळांचाच आहे. १९९८ मध्ये तेजस्वी अग्निगोलांची रात्र अंदाजाच्या सोळा-अठरा तास आधीच येऊन गेली. १९९९ ची शिगेची वेळ, १८ नोव्हेंबरची, भारतात सकाळी साडेसातला पडली. २००१ मध्ये दुसरी शिगेची वेळ इथल्या घड्याळात १८ नोव्हेंबरच्या रात्री पावणेबाराच्या सुमाराची होती आणि सिंहेचा उगमबिंदू कोकणात उगवतो साडेबाराला. पूर्व आशियाने डोळे भरून पाहिले. कोकणाला उरलेसुरले मिळाले.

इथवर घड्याळाची बाजू वरचढ दिसते. पण ‘वेळ’ या एकाच शब्दात किती गोष्टी कोंबल्या आहेत, हे पाहिले की वादाचा रंग बदलतो.

वहीवाल्याच्या वहीत एक ओळ अशी असते: ‘०२:४१, मि, २, पांढरी, लांब’. दोन एकेचाळीसला मिथुनची, दुसऱ्या प्रतीची, पांढरी, लांब उल्का. मिनिटापर्यंतच वेळ, आणि त्याच्या कामाला ती पुरते. त्याला दर काढायचा असतो: तासाला किती. जगभरच्या हौशी नोंदी १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेकडे जातात आणि तिथे त्या झेडएचआर नावाच्या एका मापात बसवल्या जातात. उगमबिंदू अगदी माथ्यावर आणि आकाश साडेसहाव्या प्रतीपर्यंत स्वच्छ असते तर एका माणसाला तासात किती दिसल्या असत्या, तो हा आकडा. जेमिनिडचा साधारण १५०. वर्तमानपत्रात तोच छापला जातो आणि लोक न्हावा शेव्याच्या गच्चीवर दीडशेची वाट पाहत बसतात.

हिशेब करून पाहावा. जेमिनिडमध्ये एकेक प्रत खाली गेले की उल्कांची संख्या सुमारे २.६ पटींनी वाढते. म्हणजे आकाश एका प्रतीने बिघडले की दर २.६ पटींनी घटतो. साडेसहाऐवजी चौथी प्रत, म्हणजे अडीच प्रतींचा तोटा, २.६ चा अडीचावा घात जवळजवळ ११. तेव्हा दीडशेचे उरतात तेरा-चौदा, तेही उगमबिंदू माथ्यावर असताना. सहाव्या प्रतीचे आकाश मिळाले तर त्याच वेळी नव्वद दिसतात.

“म्हणून वही म्हणते वांगणीला चला,” वहीवाला हे ठासून सांगतो. “डोळ्यासारखं यंत्र नाही. अर्धं आकाश एका वेळी दिसतं, वीजबिल नाही.”

“नि माझा कॅमेरा म्हणतो इथंच बसा,” कॅमेरेवाला म्हणतो.

हे उत्तर उद्धट वाटले तरी या लेखाचा खरा गाभा त्यातच आहे. मात्र कॅमेरेवाल्याला ते आधी सिद्ध करावे लागते, आणि पहिल्या प्रयत्नात ते साधत नाही. नव्या छायाचित्रकाराच्या बॅगेत असते कॅमेऱ्यासोबत आलेले १८ मिलिमीटरचे, एफ ३.५ चे भिंग. मासिकातल्या कृतीप्रमाणे तो वीस सेकंद उघडा ठेवतो. पडद्यावर येते ते असे: आकाश नारिंगी-करडे, कडेला क्रेनचे पाय जळून पांढरे, मृगाचे तीन तारे कसेबसे, आणि उल्का शून्य. वीस सेकंदांत त्याने स्वतः एक पाहिलेली असते. ती फ्रेममधूनच गेलेली असते आणि तरी फ्रेममध्ये नसते.

याचे कारण शटरच्या आकड्यात दडले आहे. तारा वीस सेकंद एकाच जागी थांबतो, त्यामुळे त्याचा प्रकाश साठत जातो. उल्का थांबत नाही. २४ मिलिमीटरचे भिंग आणि सहा मायक्रॉनचे चित्रबिंदू धरले, तर आकाशात सेकंदाला १५ अंश धावणारी उल्का एका सेकंदात हजाराहून अधिक चित्रबिंदू ओलांडते. प्रत्येक बिंदूच्या वाट्याला ती सुमारे एक सहस्रांश सेकंद येते. शटर एक सेकंद उघडा असो वा तीस, उल्केचा प्रकाश तेवढाच पडतो. वाढतो तो बंदराचा उजेड. अंधाऱ्या जागी वीस-पंचवीस सेकंद चालतात, कारण मागे साठायला फार काही नसते. न्हावा शेव्यात प्रत्येक जादा सेकंद उल्केवर धुक्याचा आणखी एक थर चढवतो.

तेव्हा भिंग निवडताना पाहायचे ते दोन आकडे: उघडीपीचा व्यास आणि केंद्रांतर. व्यासाचा वर्ग भागिले केंद्रांतर, एवढा साधा हिशेब उल्केची रेघ किती ठळक उमटेल ते सांगतो. १८ मिलिमीटर, एफ ३.५ च्या भिंगाचा व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास. हिशेबात येतात दीड. २४ मिलिमीटर, एफ १.४ चा व्यास सतरा, हिशेबात बारा. आठपटींचा फरक, म्हणजे सव्वादोन प्रती. ५० मिलिमीटर, एफ १.८ हे स्वस्तातले भिंग तर पंधरावर जाते, पण त्याच्या चौकटीत आकाश फार थोडे मावते: पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ४० बाय २७ अंश, जिथे २४ चे भिंग ७४ बाय ५३ अंश घेते. म्हणून २० ते २८ मिलिमीटरमधले, एफ २ पेक्षा उघडे भिंग हा सोयीचा मध्य. कॅमेऱ्याची बॉडी जुनी असली तरी चालेल. दुकानात मात्र उलटे घडते, पैसे बॉडीवर जातात आणि भिंग फुकटात आलेलेच राहते.

शटर आठ सेकंदांवर आणले की नवा तोटा उपटतो. दोन फ्रेममध्ये कार्डावर लिहिण्यासाठी एक सेकंद गेला, तर नऊतला एक, म्हणजे रात्रीचा अकरा टक्के भाग आंधळा. वीस सेकंदांच्या फ्रेमला हाच तोटा पाच टक्के असतो. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिली तर आणखी वाईट: प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ कॅमेरा काळी फ्रेम घेत बसतो आणि अर्धी रात्र वाया जाते. ती बंद हवी, इंटर्व्हलोमीटर हवा, आणि तासाला ४०० फ्रेम साठतील एवढे कार्ड हवे. सहा तासांच्या २,४०० रॉ फ्रेम साठ-सत्तर जीबी सहज खातात.

“अकरा टक्के आंधळा कॅमेरा नि मी आंधळा?” वहीवाला विचारतो.

तो चुकत नाही. आठ सेकंदांचा स्थिर कॅमेरा न्हावा शेव्यात डोळ्याहून फार पुढे जात नाही. पुढे जातो तो व्हिडिओ. सेकंदाला २५ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम आठ सेकंदांच्या फ्रेमपेक्षा २०० पट लहान. तिच्यात बंदराचा उजेडही २०० पट कमी साठतो आणि त्या उजेडाची खरखर सुमारे १४ पट कमी. कागदावर हा जवळजवळ तीन प्रतींचा फायदा. प्रत्यक्षात सेन्सरची स्वतःची खरखर त्यातला बराच खाते, पण उरतो तोही शहरातल्या आकाशाला पुरतो. जपानच्या सोनोटाको नेटवर्कने, अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या कॅम्स प्रकल्पाने आणि पुढे ग्लोबल मीटिअर नेटवर्कने हेच केले. यांतल्या शेवटच्याची मांडणी अशी: पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांत असतो तसला स्वस्त सेन्सर, त्याच्यापुढे एफ ०.९५ चे चिमुकले भिंग, मागे रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक. अशा कॅमेऱ्याला आकाश काळेभोर असण्याची गरज डोळ्याइतकी नसते. गरज असते ती छताची कड, वीज आणि कुणी हात न लावण्याची.

म्हणजे उजेडाच्या जागी उपकरण आणि वेळ हे दोन प्रश्न राहतच नाहीत. क्षण जितका बारीक कापावा तितके आकाश काळे होते. वांगणीला वहीवाल्याचा डोळा साध्या कॅमेऱ्याला सहज हरवतो, कारण कॅमेरा दुसऱ्या प्रतीच्या खालचे फारसे टिपत नाही आणि डोळा सहाव्यापर्यंत पोचतो. बंदराच्या गच्चीवर डोळ्याची धार जाते, कारण डोळ्याला आपली फ्रेम लहान करता येत नाही.

वहीवाला मग दुसऱ्या बाजूने येतो. “ठीक. रेघ मिळाली. पण ती कितीला मिळाली? तुझ्या फोटोवरची वेळ कुणी लावली?”

इथे कॅमेरेवाला बहुधा गप्प होतो. कॅमेऱ्याचे घड्याळ विकत घेताना कधीतरी लावलेले असते आणि काही महिन्यांत ते मिनिटभर सरकलेले असते. त्यात काही लाजण्यासारखे नाही. लाजण्यासारखे आहे ते न तपासणे. उपाय सोपा. मोबाइलवर सेकंद दाखवणारे, इंटरनेटवरून जुळवलेले घड्याळ उघडावे आणि रात्रीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी त्याचाच एकेक फोटो काढावा. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारताची प्रमाणवेळ राखते आणि तिचा वेळेचा सर्व्हर कुणालाही खुला आहे. समजा रात्री अकराला कॅमेरा दोन सेकंद मागे होता आणि पहाटे पाचला तीन, तर मधल्या कोणत्याही फ्रेमची खरी वेळ सरळ त्रैराशिकाने निघते. कॅमेऱ्याचे घड्याळ अचूक असायची गरज नाही; ते किती चुकते एवढे माहीत असले की झाले.

जीपीएसची वेळ याहून नेमकी, पण तिच्यातही एक खोच आहे. उपग्रहांचे घड्याळ लीप सेकंद पाळत नाही, त्यामुळे ते जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे असते. ही दुरुस्ती उपग्रहच कळवतो, मात्र त्याचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात. बराच काळ बंद असलेला रिसीव्हर चालू केल्याकेल्या वेळ घेतली तर ती काही सेकंद चुकीची असू शकते. पंधरा मिनिटे थांबावे, चहा घ्यावा. मोबाइल वेळ चांगली देतो, पण चित्रासाठी त्याच्यावर विसंबू नये: त्याचा नाइट मोड अनेक फ्रेम एकमेकींवर रचतो आणि एकाच फ्रेममध्ये दिसणारी रेघ नको असलेला डाग समजून पुसूनही टाकतो.

माणसाचे घड्याळही चुकते. डोळ्याने पाहिले, तोंडाने सांगितले, हाताने लिहिले, यात सेकंद जातो, आणि प्रत्येकाचा वेगळा जातो. ग्रिनिच वेधशाळेत १७९६ मध्ये किनब्रुक नावाच्या साहाय्यकाची नोकरी केवळ ०.८ सेकंदाच्या अशा फरकापायी गेली. हा फरक माणसागणिक असतो हे पुढे लक्षात आले. वहीवाल्याने पेनऐवजी आवाज टिपणारा रेकॉर्डर वापरला तर निदान नजर आकाशावरून हलत नाही आणि लाल दिवाही लावावा लागत नाही.

सेकंदाची ही काटेकोरी खरोखर कशाला हवी, याचे उत्तर मात्र दोघांच्याही अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. सेकंदभरात पृथ्वी कोनाचे १५ सेकंद फिरते. १०० किलोमीटर अंतरावर ते सात मीटर होतात. हौशी फोटोतल्या रेघेची जागा एवढ्या बारकाईने मोजतच येत नाही. म्हणजे उल्का कोणत्या क्षणी आली हे सेकंदापर्यंत कळले की पुरते. पण तिचा वेग हवा असेल तर रेघेच्या आत वेळ मोजावी लागते, आणि तिथे सेकंदाचा काही उपयोग नाही, शतांश हवेत. पूर्वी यासाठी भिंगासमोर पंखा फिरवत. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरला की रेघ सेकंदाला २५ ठिकाणी तुटते. तुटलेल्या तुकड्यांची लांबी मोजली की वेग. चेकोस्लोव्हाकियात ७ एप्रिल १९५९ ला पडलेल्या प्रिब्रामच्या अशनीची कक्षा झ्डेनेक चेप्लेखा यांनी अशाच फोटोंवरून काढली. छायाचित्रांच्या आधारे कक्षा कळलेला तो जगातला पहिला अशनी. व्हिडिओत पंख्याचे काम फ्रेमच करतात: ३५ किलोमीटर वेगाची जेमिनिड एका फ्रेममध्ये १.४ किलोमीटर सरकते आणि अर्ध्या सेकंदात बारा-तेरा फ्रेम देऊन जाते. स्वस्त सेन्सर ओळीमागून ओळ वाचतात, त्यामुळे चित्राचा वरचा आणि खालचा भाग एकाच क्षणाचा नसतो. वेग काढताना ही चूक वजा करावी लागते.

वेग का मोजायचा याचा वस्तुपाठ महाराष्ट्राला २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी मिळाला. पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून मराठवाड्यापर्यंत लोकांनी आकाशात पेटलेले तुकडे एका ओळीत सरकताना पाहिले आणि उल्कावर्षाव म्हणून मोबाइलवर टिपले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा उरलेला टप्पा असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. रॉकेटचा टप्पा कक्षेतून सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच्या वेगाने येतो, उल्का अकराच्या खाली कधीच नाही. व्हिडिओत वेळ नेमकी असती, तर आणखी काहीच माहीत नसताना एवढ्या एका आकड्यावर निकाल लागला असता. त्या रात्रीचे बहुतेक व्हिडिओ मात्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना आपली वेळ हरवून बसले.

कॅमेरेवाला इथे बऱ्यापैकी नरमतो आणि वहीवाला बऱ्यापैकी फुगतो. त्याला जमिनीवर आणायला खोटी उल्का पुरेशी आहे. उलव्याच्या नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, त्यामुळे विमाने आता डोक्यावरच. विमान लुकलुकते, ते ओळखू येते. उपग्रह फसवतात. वहीत एकदा ‘मंद, लहान’ लिहिले गेले की ते परत तपासता येत नाही. स्थिर कॅमेऱ्यात मागचीपुढची फ्रेम असते: रेघ पुढच्या फ्रेममध्ये चालू राहिली तर उपग्रह, एकाच फ्रेममध्ये सुरू होऊन संपली तर बहुधा उल्का. डिसेंबरच्या मध्यरात्री सूर्य पायाखाली इतका खोल असतो की कमी उंचीचे उपग्रह पृथ्वीच्या छायेत जातात. त्यामुळे अशा रेघा संध्याकाळी आणि पहाटे जास्त सापडतात.

पहाटेच्या रेघांची आणखी एक अडचण खाडीकाठच्या गच्चीवर ठरलेली. दोननंतर दहिवर पडते. चित्र आधी मऊ होते, मग ताऱ्यांभोवती कडी दिसतात, मग काहीच दिसत नाही, आणि कॅमेरा इमानदारीने चारशे फ्रेम तासाला घेत राहतो. रुमालाने पुसले तर खारी हवा काचेवर ओरखडे ठेवून जाते. भिंगाला गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा उबेचा पट्टा पॉवर बँकेला जोडला की प्रश्न मिटतो. घरी आल्यावर भिंग सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात जावे. सोडियमच्या पिवळ्या उजेडासाठी विकले जाणारे फिल्टर पांढऱ्या एलईडीपुढे जवळजवळ निकामी असतात. त्या पैशात पट्टा आणि पॉवर बँक दोन्ही येतात. कॅमेरा उगमबिंदूवरच रोखू नये, तिथल्या रेघा आखूड येतात. त्याच्यापासून ४०–५० अंशांवर, बंदराकडे पाठ करून पेण-अलिबागच्या अंगाला रोखला तर रेघाही लांब आणि आकाशही त्यातल्या त्यात काळे.

दोघांचे जमते ते शेवटी एका जागेवरून नव्हे, दोन जागांवरून. एकाच उल्केची उंची काढायला ती दोन ठिकाणांहून टिपावी लागते आणि त्यांत ५० ते १०० किलोमीटरचे अंतर सोयीचे. न्हावा शेव्यापासून लोणावळा पन्नासेक किलोमीटर, पुणे शंभराच्या जरा पलीकडे. पुण्यात तर २२ ऑगस्ट १९४४ ला स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, देशातली सर्वांत जुनी हौशी खगोल संस्था. दोन्ही कॅमेरे आकाशाच्या एकाच तुकड्याकडे, सुमारे १०० किलोमीटर उंचीवरच्या एकाच जागेवर रोखायचे. ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर त्या उल्केच्या दोन रेघा वेगवेगळ्या जागी उमटतात आणि त्या फरकावरून तिचा मार्ग किलोमीटरात मिळतो. अट एकच: दोन्हीकडची उल्का तीच आहे हे आधी ठरवता आले पाहिजे. जेमिनिडच्या रात्री मिनिटभरात दोन येऊ शकतात, तेव्हा मिनिटाची वही इथे अपुरी पडते आणि सेकंदाचे घड्याळ लागते.

“तारीख कुठली लिहायची?” कॅमेरेवाला विचारतो.

“जहाजवाले लिहितात ती,” वहीवाला म्हणतो.

बंदरात लागलेल्या प्रत्येक जहाजाची रेडिओ नोंदवही जागतिक वेळेवर चालते आणि उल्कांची नोंदही तशीच करायची असते. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. १४ डिसेंबरच्या पहाटे दोन पस्तीसला न्हावा शेव्यात दिसलेली उल्का नोंदीच्या तक्त्यात १३ डिसेंबर, २१ वाजून ५ मिनिटे अशी जाते. साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या तारखेची. लोणावळ्याच्या गच्चीवरच्या माणसाने त्या रात्री १४ आणि न्हावा शेव्याच्या माणसाने १३ लिहिली, तर एकाच उल्केच्या दोन रेघा तक्त्यात एका दिवसाच्या अंतरावर पडतात आणि कुणालाच एकमेकींशी जुळवता येत नाहीत.